साठ धुतलेल्या डब्या

१

सोमवारी सकाळी नऊला मी गोदामाचं कुलूप काढलं, तेव्हा मागच्या ओट्यावर साठ डब्या धुऊन ठेवलेल्या होत्या.

अंगठ्याएवढ्या पांढऱ्या डब्या, निळ्या झाकणांच्या. जुना टॉवेल चौपदरी घालून त्यावर दहा-दहाच्या सहा रांगा लावल्या होत्या. प्रत्येक डबी पालथी होती, पण सपाट नाही. तिची एक कड तिच्याच झाकणावर टेकवलेली होती, आत वारा खेळावा म्हणून. झाकणाखालच्या पातळ चकत्या वेगळ्या काढून वर्तमानपत्रावर पसरल्या होत्या. डब्या पार वाळल्या होत्या. टॉवेलची घडी उलगडली तर ती आतून अजून ओली लागली.

काही मोडलं नव्हतं, काही गेलं नव्हतं. तरी आमचं तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं होतं.

आमचं काम काय ते सांगते. परदेशातल्या एखाद्या कंपनीला आपली वस्तू इकडे खपेल का ते बघायचं असतं. ती आधी थोडे नमुने पाठवते, शंभर-दोनशे. पेटीवर ‘नमुना, विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो. कस्टमवाले पेटी फोडतात, हुंगतात, परत चिकटवतात, मग ती माझ्याकडे येते. आमची माणसं ते नमुने घराघरांत देतात आणि दहा दिवसांनी जाऊन फॉर्म भरून आणतात. वीस वर्षांत माझ्या हातून पुष्कळ काही गेलं. कप आले, त्यांच्या कानात बोट जात नव्हतं. उभ्याने फरशी पुसायचा दांडा आला, तो इतका लांब की आमच्या खोल्यांत वळेना. बहुतेक वस्तू चालत नाहीत. चालत नाही हे कळवणं, हेही कामच.

पण माणसं दारात खरं बोलत नाहीत. फुकट मिळालेल्या वस्तूला कोण नावं ठेवणार? म्हणून आमच्या मालकांनी एक पद्धत काढली. डबी देताना तोलायची, आणि उरलीसुरली तशीच परत आणून पुन्हा तोलायची. बाई म्हणते फार आवडलं, आणि डबी भरलेली परत आली, की समजायचं ते समजायचं. मालकांना फक्त वजनाचा आकडा लागतो. मी तोलायच्या आधी आत बघते, ती माझी सवय. कुणी एका बोटाने विहीर खणलेली असते, कुणी वरवर पुसून घेतलेलं असतं, कुणाच्या डबीत कणकेचा ठिपका असतो. प्रत्येक घराचं बोट वेगळं.

या वेळी हाताला लावायचं क्रीम होतं. दोनशे डब्या आल्या. एकशेवीस वाटायच्या, ऐंशी शिल्लक ठेवायच्या. एक ते साठ नंबर आमच्या विक्रेत्याने वाटले. पुढचे साठ माझ्या भाचीने. सगळ्या डब्या परत येऊन कपाटात बसल्या होत्या, कारण आमचा नाजूक काटा दुरुस्तीला गेला होता. तो सोमवारी यायचा होता, आणि गुरुवारी कंपनीच्या बाई येणार होत्या, वजनं डोळ्यांसमोर करून बघायला.

तळावरचे नंबर पाण्याने निघून गेले होते. मी कपाट उघडलं आणि आत उरलेल्या डब्या एकेक करून वाचल्या. एक ते साठ सगळ्या होत्या.

म्हणजे धुतल्या गेल्या त्या माझ्या भाचीच्या. चार महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला. त्यानंतरचं तिचं हे पहिलं काम.

२

जावई आमचीच गाडी चालवायचा. कस्टमवरून पेट्या तोच आणायचा. एका दुपारी पेटी उतरवून पायरीवर टेकला, तो उठलाच नाही. त्याचं जाकीट अजून दारामागच्या खुंटीवर आहे. कुणी काढत नाही, कुणी त्याबद्दल बोलतही नाही. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात कुणी मोठ्याने हसत नव्हतं, आणि भांडतही नव्हतं. मालकांनी डब्या बघितल्या तेव्हाही ते ओरडले नाहीत.

“काकू रविवारी येते ना फरशी पुसायला?” त्यांनी विचारलं.

“येते. सकाळी.”

“तिच्याकडे दाराची चावी असते. तिला वाटलं असेल, उष्ट्या डब्या पडल्यात, टाकू धुऊन.”

“कपाटातल्या? मी शनिवारी कुलूप लावून गेले होते.”

“कपाटाची चावी कुठे असते, मावशी?”

“कॅलेंडरच्या मागे.”

“आणि हे कुणाला माहीत नाही?”

ते सगळ्यांनाच माहीत होतं. बाहेरच्या दाराच्या चाव्या पाच जणांकडे होत्या. मालक, त्यांचे धाकटे भाऊ, विक्रेता, काकू आणि मी. माझी चावी घरी खिळ्याला असते.

मालकांनी खुर्ची ओढली, पण ते बसले नाहीत. “गेल्या वर्षीचे तीन नमुने आपण नापास केले. त्या बाईंनी आपल्याला निवडलं ते या वजनाच्या पद्धतीसाठी. गुरुवारी मला एवढं तरी सांगता आलं पाहिजे, की अमक्याने केलं आणि तो माणूस आता इथे नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत नाव द्या. नाही मिळालं, तर मी काकूला थांबवतो.”

“थांबवतो म्हणजे काढतो.”

“म्हणजे तेच.”

काकू बादली भरत होती. आम्ही दोघी एका वयाच्या. तिच्या मुलीचं बाळंतपण महिन्यावर आलं होतं, आणि हे काम सुटलं तर तिला या वयात दुसरं कुणी देणार नव्हतं. हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “दार उघडंच होतं.”

“धुतल्यास का?”

“मी धुतल्या असत्या तर अशा चमकल्या असत्या? माझ्या पेल्यांवर डाग राहतात म्हणून रोज तूच माझ्यामागे लागतेस.” तिने नळ बंद केला. “आणि त्या कागदासारख्या चकत्या मी वाळत घातल्या असत्या होय? केव्हाच केरात गेल्या असत्या.”

ते खरं होतं. काकू पेले धुते आणि फरशीवर सपाट पालथे घालते. उचलले की खाली पाण्याची गोल कडी राहते. वीस वर्षं मी त्या कड्या पुसतेय.

“रविवारी सकाळी तू आलीस तेव्हा ओट्यावर काही होतं?”

“काही नव्हतं. ओटा मीच पुसला. अकराला गेले.”

म्हणजे डब्या धुतल्या गेल्या त्या रविवारी अकराच्या नंतर. टॉवेलची ओल तेच सांगत होती.

“मावशी,” काकू म्हणाली, “तू शोधशील ना? की तुलाही माझंच नाव सोपं वाटतंय?”

३

विक्रेत्याला आम्ही रेडिओ म्हणतो. सकाळी एकदा लागला की बंद होत नाही. जावई गेल्यापासून मात्र तोही खरखरायचाच नुसता.

“रविवारी आलो होतो,” त्याने स्वतःहून सांगितलं. “साडेअकराला. हेल्मेट विसरलो होतो. घेतलं आणि गेलो. मागे गेलोच नाही. लिहून घ्या हवं तर.”

“लिहायला मला अर्धा तास लागेल. तू बोल.”

“काय बोलू? माझ्यावर संशय आहे ना? तर माझं एकच म्हणणं आहे. मला धुवायच्याच असत्या तर मी माझ्या धुतल्या असत्या. माझ्या साठांतल्या चाळीस अर्ध्याहून जास्त भरलेल्या परत आल्यात. आणि वहिनींचे फॉर्म बघा. बायका नुसत्या खूश. गुरुवारी माझी शोभा व्हायची होती, ती होणारच आहे.”

“म्हणूनच तिच्या धुतल्यास, असंही कुणी म्हणेल.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “तिच्या डब्यांना मी हात लावेन, मावशी? त्याला खांदा दिलाय मी.” मग जरा जुन्या आवाजात, “आणि मला वाईटच करायचं असतं तर नदीत टाकल्या असत्या. धुवायला कोण बसेल? घरी मी माझा चहाचा कप धुवत नाही. बायकोला विचारा.”

मालकांचे धाकटे भाऊ मागच्या शेडमध्ये बसतात. ते स्वतः क्रीम बनवतात. मेणाचा वास त्यांच्या शर्टातून जात नाही. परदेशी क्रीम चाललं तर त्यांची शेड बंद होणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी ते दिवसभर शेडमध्ये होते, हेही ते नाकारत नव्हते.

“दादाने पाठवलंय?” त्यांनी विचारलं.

“नाही. काकूसाठी आलेय.”

“बसा.” त्यांनी स्टुलावरची पातेली उचलली. “दादाला वाटतंय मीच केलं. तोंडावर म्हणणार नाही, काकूला काढेल. पण मावशी, मला ते क्रीम पाडायचंच असतं, तर मी डब्या धुतल्या असत्या? थोडं थोडं क्रीम परत भरलं असतं. वजन वाढलं असतं, कुणाला आवडलं नाही असं दिसलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. नुसती झाकणं इकडची तिकडे केली असती तरी वजनांचा घोळ झाला असता. धुणं हे वजन बिघडवायचं काम नाही. धुणं म्हणजे...” ते थांबले.

“म्हणजे काय?”

“ते मला कळत नाहीये. रविवारी दुपारी मागचा नळ वाजत होता. बराच वेळ. मला वाटलं काकूच आहे. उठून बघायचं मनात आलं नाही. हल्ली कशाचंच मनात येत नाही.”

“किती वाजता?”

“तीन वाजले असतील.”

तीन वाजता मी कुठे होते ते मला आठवत होतं. रविवारी भाची माझ्याकडे जेवायला येते. त्या दिवशीही आली होती. पाण्याचा पेला तिच्या हातून निसटला, काचा मीच गोळा केल्या. जेवण झाल्यावर मी जरा आडवी झाले. उठले तेव्हा पाच वाजले होते, आणि ती खिडकीत बसलेली होती.

मी धाकट्यांच्या शेडमधून निघाले. जाताना त्यांचं अडलेलं वाक्य मी माझ्याबरोबर घेऊन आले. धुणं हे वजन बिघडवायचं काम नाही. मग कशाचं?

४

मंगळवारी मी फॉर्म घेऊन बसले. मला अक्षरओळख झाली ती पंचेचाळिसाव्या वर्षी, पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. अजूनही मी ओळीखाली बोट ठेवून वाचते. मालक एकशेवीस फॉर्म एका बसण्यात चाळतात आणि बेरीज करतात. मला संध्याकाळ झाली. पण बोट ठेवून वाचणाऱ्याला उडी मारता येत नाही.

आधी रेडिओचे वाचले. लोकांनी काय काय सांगितलं होतं. वास बरा आहे पण भाजीला लागतो. मुलाने चाटलं, काही झालं नाही. सासूबाईंनी पायाला लावलं, चालेल का. आणि झाकण. झाकण उघडत नाही, ओल्या हाताने फिरत नाही, दाताने उघडलं, नवऱ्याने उघडून दिलं. मी मोजलं. साठातल्या सदतीस जणींनी झाकणाची तक्रार केली होती.

मी एक शिल्लक डबी घेतली, हात ओले केले, आणि झाकण फिरवून बघितलं. नाही फिरलं. हात पुसले, फिरलं. बाया हाताला क्रीम लावतात ते भांडी झाल्यावर, धुणं झाल्यावर. तेव्हा हात ओलाच असतो.

मग भाचीचे साठ वाचले. अक्षर सुंदर, तिच्या आईसारखं नाही, शाळेतलं. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच होता, लावल्यावर कसं वाटलं? एकीचं उत्तर होतं, बऱ्याच दिवसांनी झोप लागली. एकीचं, हात माझेच आहेत असं वाटलं. पंचाण्णव नंबरच्या फॉर्मवर होतं, कुणीतरी हात धरल्यासारखं वाटलं.

झाकणाबद्दल एकीचीही तक्रार नव्हती. साठ घरांत एकाही बाईचा हात ओला नव्हता.

मी फॉर्म खाली ठेवले. मी चपला घातल्या आणि पंचाण्णव नंबरच्या पत्त्यावर गेले.

चौथा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक मजल्यावर मी गुडघा धरून उभी राहिले. दार एका जाड बाईंनी उघडलं. हात भिजलेले, पदराला पुसत.

“काय हवंय?”

“तीन आठवड्यांपूर्वी एक मुलगी आली होती का? हाताच्या क्रीमची डबी द्यायला. निळं झाकण.”

“नाही बाई. इथे कुणी येत नाही. चार जिने चढून कोण येतंय? तुम्हीच पहिल्या. पाणी देऊ का? तोंड बघा कसं झालंय तुमचं.”

मी पाणी घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन दारांशी विचारलं. समोरच्या इमारतीत तीन दारांशी. कुणाकडेच कुणी गेलं नव्हतं.

५

भाचीची खोली एकच. खिडकी, पलंग, गॅस. पलंगाच्या एकाच बाजूची चादर चुरगळलेली. ती खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, तळवे वर. मी आत आले तरी तिने ते हलवले नाहीत.

मी पलंगावर बसले आणि तिचा हात हातात घेतला. घर झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईचा हात असा नसतो. लोण्यासारखा झाला होता. धरला की निसटत होता, रविवारी पेला निसटला तसा.

“पंचाण्णव नंबरच्या बाईंकडे गेले होते,” मी म्हटलं.

“बऱ्या आहेत का त्या?”

“तू त्यांना पाहिलेलंच नाहीस.”

“नाही.” तिने लपवायचा प्रयत्नही केला नाही. “पहिल्या दिवशी गेले होते, मावशी. तीन मजले चढले. बेलवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.”

“का गं?”

“दार उघडलं की विचारणार, काय हवंय. मला काही सांगताच आलं नसतं.” ती खिडकीकडे बघत होती. “मग खाली बाकावर येऊन बसले. फॉर्मवर होतं ना, लावल्यावर कसं वाटलं. म्हटलं निदान एक तरी भरू. डबी उघडली, लावलं. काही वाटलं नाही. मग दुसरी उघडली.”

“साठच्या साठ?”

“रोज तीन-चार. एखाद्या डबीत काही वाटेल असं वाटायचं.”

“आणि जे लिहिलंस ते?”

“त्या बायकांना काय वाटलं असतं ते लिहिलं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. आम्ही दोघी ते ऐकत बसलो.

“शनिवारी तू म्हणालीस, सोमवारी काटा येतोय,” ती म्हणाली. “वजनाची मला भीती नव्हती. आवडलं म्हणून संपवलं, असं झालं असतं. पण तू आत बघतेस. कुणाचं बोट कसं, ते तूच मला शिकवलंस. साठ डब्यांत तुला एकच बोट दिसलं असतं.”

धाकट्यांचं वाक्य इथे पुरं झालं. धुणं हे वजन बिघडवायचं काम नाही, आतलं पुसायचं काम आहे. आणि मी आत बघते हे सबंध ऑफिसात एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण मी एकालाच सांगितलं होतं. माझी चावी कुठल्या खिळ्याला असते, आणि रविवारी दुपारी मी दोन तास झोपते, हेही.

खरं सांगायचं तर, एवढं फिरायची गरज नव्हती. डबी आपल्याच झाकणावर कलती ठेवून वाळवायची रीत माझ्या आईची. तिने ती आम्हा दोघी बहिणींना शिकवली. माझी बहीण गेली, पण जाण्याआधी तिने ती आपल्या मुलीला दिली. आता तशी डबी ठेवणाऱ्या दोघीच उरल्यात. मी धुतल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी ओट्यापाशीच मी ते पाहिलं होतं. पाहिलं, आणि बाजूला ठेवलं.

“ते काकूला काढतायत,” मी म्हटलं. “उद्या संध्याकाळी.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “काकूला? का?”

“कुणाला तरी काढायला हवं म्हणून.”

“मला वाटलं, कुणीतरी चुकून धुतल्या असं म्हणतील आणि सोडून देतील.” मग ती म्हणाली, “नाही, खोटं बोलले. मला काही वाटलंच नव्हतं.”

“मी नाव सांगणार नाही,” मी म्हटलं. “मालकांनी ते माझ्याकडे मागितलंय. पण ते तू सांगायचंस.”

मी निघाले तेव्हाही तिचे तळवे वरच होते.

६

बुधवारी पाच वाजेपर्यंत ती आली नव्हती. मालकांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे. काकू बादली घेऊन दारात उभी होती. रेडिओ आणि धाकटे टेबलाशी.

“मावशी, नाव?”

“थोडं थांबा.”

“किती?”

“तुम्ही काकूला काढायला जितका वेळ घेणार होतात तितका.”

सव्वापाचला ती आली. खुंटीवरच्या जाकिटापाशी जरा थांबली, मग टेबलाशी येऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. जिना, बाक, डब्या, नळ. बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा आवाजात. काही वगळलं नाही, काही जोडलं नाही. माझं नाव तिने कुठेच घेतलं नाही. चावी खिळ्यावरून घेतली, एवढंच.

रेडिओ भिंतीकडे वळला. मालकांनी साठ फॉर्मांची चळत पुढे ओढली, वरचा फॉर्म वाचला, मग दुसरा. या वेळी ते चाळत नव्हते.

“हे वाचून मी त्या बाईंना फोन केला होता,” ते म्हणाले. “म्हटलं होतं, आमच्याकडच्या बायकांना हे हवं आहे. त्या अख्खी बोट भरून पाठवायला तयार झाल्या होत्या.” त्यांनी चळत सरळ केली. मग उठून दारापर्यंत गेले. “काकू, चुकलं माझं.”

“चुकलं ते चुकलं,” काकू म्हणाली. “तिकडे जाऊ नका, फरशी ओली आहे.”

गुरुवारी कंपनीच्या बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या. आमची भाषा त्यांना येत नव्हती. मालक सांगत गेले आणि त्या ऐकत गेल्या. मालकांनी काही झाकलं नाही, ते मला चेहऱ्यावरून कळत होतं. मग बाईंनी काहीतरी विचारलं आणि मालक भाचीकडे बघू लागले.

“काय म्हणतात?” धाकट्यांनी विचारलं.

“म्हणतात, या मुलीने साठ डब्या वापरल्या. इतकं त्यांच्याकडेही कुणी वापरलेलं नाही. तिला स्वतःला कसं वाटलं, ते विचारतायत.”

भाची म्हणाली, “काही नाही.”

मालकांनी ते सांगितलं. बाईंनी पिशवीतून पेन काढलं, एक कोरा फॉर्म घेतला, आणि शेवटच्या प्रश्नापुढे आपल्या भाषेत दोन शब्द लिहिले. जुने साठ फॉर्म त्यांनी मालकांकडे परत सरकवले. रेडिओचे साठ मात्र ठेवून घेतले, आणि झाकणाच्या तक्रारींवर बोट ठेवून बराच वेळ काही बोलल्या. शेवटी ठरलं ते असं. शिल्लक ऐंशी डब्यांतल्या साठ घ्यायच्या, तीच घरं, पण या वेळी खरोखर जायचं. तीन आठवडे. त्यानंतर कंपनीचं काय ते ठरेल, आणि भाचीचंही. मालकांनी तिला कामावर ठेवतो असं म्हटलं नाही. काढतो असंही नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. माझे गुडघे बघता मी जाणं शहाणपणाचं नव्हतं, पण बेल दाबायला कुणीतरी हवं होतं. पहिल्या तीन दारांच्या बेल मीच दाबल्या. ती मागे डब्यांची पिशवी धरून उभी राहायची.

पंचाण्णव नंबरच्या दाराशी मी मुद्दाम दम खात राहिले. भिंतीला टेकले, डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग बेल वाजली.

त्या जाड बाईंनी दार उघडलं. आजही हात कोपरापर्यंत भिजलेले.

“काय हवंय?”

भाचीने डबी पुढे केली. बाईंनी ती उलटसुलट बघितली, झाकण फिरवायला लागल्या. ते फिरेना. त्यांनी पुन्हा जोर लावला, मग भाचीचा हात ओढून तिच्या तळव्यावर डबी ठेवली आणि वरून आपली ओली मूठ दाबली. “तूच उघड बाई. माझ्याने होत नाही. हात बघ कसे झालेत माझे.”

पाणी भाचीच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. तिने डबी उघडून दिली. फॉर्मवर झाकणाचं लिहून घेतलं. नंतर जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, ती थांबली आणि बाही वर सरकवून बघत राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, “पाणी गार होतं.”

मी “हं” म्हटलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. खालच्या घराची बेल तिने दाबली.